काटेरी झाडावरची चिंधी

दार्सैत, मस्कत
१२ एप्रिल १९९६

आपा, सलाम.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर आता लिहितोय, म्हणजे तू रागावलेली असणार. बकरी ईद पंधरा दिवसांवर आली आहे. रुवीतल्या सगळ्या बायकांना एकाच आठवड्यात नवे कपडे हवे असतात आणि आमच्या मालकाला, अर्बाबला, ते सगळे आपल्याच दुकानातून जायला हवे असतात. मी आणि कासम सकाळी आठला मशीनवर बसतो ते मान वर काढत नाही. एकोणीस वर्षं झाली, आपा. पूर्वी ईद जवळ आली की हात आपोआप पळायचे. आता मी त्यांना हाकतो.

तू लिहिलंस की बाजूने येणारं माणूस दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, आणि डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, असं ते म्हणाले. हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. माझ्याही डोळ्यांना दोन वर्षं पाणी येतंय, कापडाच्या धुळीने लाल होतात, सुईत दोरा कासम ओवून देतो. पण माझं सोड. तुझं वाचन गेलं तर तू काय करशील?

आता एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. आमच्याकडे मॉरीनबाई म्हणून एक नर्स गिऱ्हाईक आहे. साठीची असेल. आयर्लंडची. तिला इंग्लिश म्हटलं की राग येतो. वर्षाला एकदा युनिफॉर्मची कंबर सैल करून घ्यायला येते. परवा माझे डोळे बघून स्वतःच्या पर्समधलं औषध घातलंन आणि मग मी तुझं सांगितलं. तिने औषधाचं झाकण लावलं. मग म्हणाली, आमच्या गावाबाहेर डोळ्यांची विहीर आहे.

तिथे लोक अनवाणी जातात. सूर्य फिरतो त्या दिशेने विहिरीला सात फेरे घालायचे, हातात सात खडे, दर फेऱ्याला एक खडा टाकायचा म्हणजे मोजणी चुकत नाही. मग पाण्याने डोळे धुवायचे. आजारी माणसाच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून त्या पाण्यात बुडवायची आणि शेजारच्या काटेरी झाडाला बांधायची. वाऱ्यापावसात ती चिंधी कुजत जाते तसतसा आजार कमी होतो. दुसऱ्याची चिंधी सोडायची नाही, सोडली तर त्याचं दुखणं आपल्याला. आजाऱ्याला चालत येता येत नसेल तर त्याच्या नावाने दुसऱ्याने फेरे घातले तरी चालतात. एकदा एका बाईने तिथे मळके कपडे धुतले, तर विहीर रुसून रातोरात रस्त्याच्या पलीकडे गेली.

मी विचारलं, तुम्ही दवाखान्यात काम करता आणि हे खरं मानता? ती म्हणाली, “मी औषधही घालते आणि फेरेही घालते. तुझ्या बहिणीला सांग, थेंब बंद करायचे नाहीत.” जूनमध्ये ती सुट्टीवर जाते आहे. तुझ्या साडीची एक पट्टी पाठव. माझ्या समाधानासाठी पाठव.

तुझा,
बदरू


राजिवडा, रत्नागिरी
२ मे १९९६

बदरू,

एकोणचाळीस वर्षं पोरांच्या डोक्यात विज्ञान भरलं आणि आता म्हातारपणी माझ्या साडीची चिंधी गोऱ्यांच्या झाडावर फडकणार! शाळेत कळलं तर हेडमास्तर पेन्शन थांबवतील.

पण हसायला मला तोंड नाही. तुझा ताप उतरत नव्हता तेव्हा आईने दर्ग्याच्या जाळीला दोरा बांधला होता, आणि पोर बरं झालं म्हणून तो सोडायला मीच तुला कडेवर घेऊन गेले होते. तेव्हा आई नव्हती राहिली. आपल्याकडे बरं वाटलं की दोरा सोडतात, त्यांच्याकडे बांधून विसरतात, एवढाच फरक. आणि ती रुसून गेलेली विहीर मला आवडली. आपल्याला कोणी गृहीत धरू लागलं की उठून जावं माणसाने.

तू म्हणतोस अंगावरच्या कपड्याची चिंधी. माझ्या अंगावर असते ती सुती साडी, तीन ठिकाणी ठिगळ आणि पदराला हळद. ती परदेशात पाठवू? झाडाखाली उभ्या राहून तिथल्या बायका म्हणतील, ही कुठल्या भिकारणीची? म्हणून ट्रंकेतली आकाशी जपानी साडी काढली. तुला नोकरी लागल्यावर सत्त्याहत्तर साली तू पाठवलेली पहिली साडी. निवृत्तीच्या समारंभाला मी तीच नेसले होते. एकोणीस वर्षांत ना रंग गेला ना सूत. आतल्या टोकाकडून वीतभर पट्टी कापली आहे. कापताना हात कापला नाही, जीव मात्र थोडा कापला गेला. मोहल्ल्यातले हुसैनमियाँ पुढच्या महिन्यात मस्कतला येताहेत, त्यांच्याबरोबर देते. पोस्टावर माझा विश्वास नाही.

स्वतःच्या डोळ्यांबद्दल दोन ओळी लिहून सटकलास. शिंप्याचे डोळे गेले तर तो काय करतो, हे मला कोणी सांगायला नको.

आणि येतोस कधी? तुझी खतिजा गेली त्याला नऊ वर्षं झाली. तू तिच्या मातीला दोन दिवस उशिरा पोचलास आणि तेव्हापासून पाऊल टाकलं नाहीस. त्या दोन दिवसांची शिक्षा तू मला का देतोस? बायको नाही, पोर नाही, कोणासाठी एवढा राबतोस तेही कळू दे.

आपा


दार्सैत
१६ जून १९९६

आपा,

हुसैनमियाँचं विमान दोनदा पुढे ढकललं गेलं. तुकडा काल संध्याकाळी हातात पडला. मॉरीनबाई आज सकाळी निघाली. पहाटे तिच्या घरी जाऊन दिला. तिने तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आणि तुझं नाव दोनदा म्हणवून घेतलं, चुकू नये म्हणून. ‘झोहरा, झोहरा’ असं म्हणते.

काम झालं. आता तू काळजी करू नकोस. थेंब घालत राहा.

येण्याचं म्हणशील तर अर्बाबशी बोलतो.

बदरू


दार्सैत
४ ऑक्टोबर १९९६

आपा, सलाम.

मॉरीनबाई परत आली. शुक्रवारी मला आणि कासमला गाडीत घालून बौशरच्या झऱ्यावर घेऊन गेली. गरम पाणी आहे, अंगदुखीवाले ओमानी म्हातारे त्यात पाय सोडून बसतात. तीही बसली, पाय सुजलेत तिचे. म्हणाली, “बघ, तुमच्याकडेही आहे की.” मग सगळं सांगितलं.

पाऊस होता. गुडघे दुखत होते तरी सात फेरे घातले. पाचव्या फेऱ्याला तिचा पाय घसरला आणि एक खडा पाण्यात पडला, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. म्हणजे बारा झाले. ज्या बाईला तिने पाहिलेलं नाही तिच्यासाठी! झाडावर शेकडो चिंध्या आहेत, मोजे, रुमाल, एका बाळाचं टोपडंसुद्धा. कोणाचं काय दुखत होतं कोण जाणे. तिने चिंधी बांधली आणि मागे वळून न बघता आली. तसंच यायचं असतं म्हणे.

तुझ्यासाठी छोटी बाटली भरून आणली आहे. हे पाणी चुलीवर उकळत नाही अशी त्यांची समजूत आहे. तू लगेच स्टोव्ह पेटवून बघशील म्हणून सांगतो, बघू नकोस. आणि डोळ्यात घालू नको, मॉरीनबाईने बजावलंय, नुसतं कपाळाला लाव. हुसैनमियाँबरोबर पाठवतोय.

माझ्या डोळ्यांचं पाणी थांबलं आहे. महिना झाला.

दुसरी बातमी, ईदनंतर मार्चमध्ये मला दोन महिन्यांची रजा मिळते आहे. दुकानातून एका वेळी एकालाच सोडतात आणि या खेपेला माझी पाळी आहे. अर्बाब इन्शाल्ला म्हणाला, पण या वेळी कागदावर सही करून म्हणाला.

बदरू


राजिवडा
१० डिसेंबर १९९६

बदरू,

बाटली मिळाली. स्टोव्हवर ठेवली नाही, मोह झाला होता. कपाळाला लावते.

तुझ्या बाईला माझा सलाम सांग आणि सांग की गुण आला. खरंच. काल वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिराती चष्म्याशिवाय वाचल्या. आपल्या शाळेचे जुने शिपाई गेले, पंचाऐंशी वर्षांचे होते, ते त्या बारीक अक्षरांतच कळलं. दाराच्या चौकटीने आताशा मला मारणं सोडून दिलंय. ओळी वाकड्या दिसत असतील तर टेबलाचा एक पाय मोडलाय, त्याखाली वीट ठेवली आहे.

तुला बरं वाटलं ना? मग झालं. मार्चमध्ये जमलं तर ये. उगाच माझ्यासाठी धावपळ नको.

आपा


दार्सैत
२४ फेब्रुवारी १९९७

आपा,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. खोलीतली सहाही माणसं उठून बसली. मॉरीनबाईला सांगितलं तर ती दुकानातल्या स्टुलावर बसून रडली, आणि मग माझ्यावरच चिडली की थेंब बंद केले नाहीत ना!

आता तुला आवडणार नाही असं लिहितो. कासमची बायको बाळंत व्हायची आहे, पहिली वेळ अवघड गेली होती. त्याची रजा पुढच्या वर्षी होती. तो नुसता उलटे टाके घालत बसला. कासमचा टाका कधी उलटा पडत नाही. तू बरी आहेस, वाचते आहेस. मी म्हटलं, जा, माझी पाळी तू घे. मी पुढच्या वर्षी जाईन. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला, “बदरभाय, खलास, मैं जिंदगीभर नहीं भूलूंगा.” एप्रिलमध्ये निघेल. दर रजेत येतो तसा तुला भेटायला येईल.

तुझ्या ओळी उतरत्या जातात, आपा. टेबलाखालची वीट जरा जाड घे.

बदरू


दार्सैत
२५ ऑक्टोबर १९९७

आपा,

माझ्या फेब्रुवारीच्या पत्रानंतर तुझी एकही ओळ नाही. मी समजलो की रजा सोडली म्हणून रुसलीस. कासमचीही दोन महिन्यांची रजा सहा महिन्यांची झाली, बाळ अशक्त निघालं. तो मंगळवारी परत आला.

कासमने मला सांगितलं. तो तुझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि तू विचारलंस, कोण आहे? तो बोलल्यावर तू ओळखलंस. तू कपात चहा ओतलास तो बशीच्याही बाहेर पडला आणि तुला ते कळलं नाही. वर्तमानपत्र मुनिबा वाचून दाखवते, शेजारची मुनिबा, तुझी विद्यार्थिनी, आता तुझ्याच शाळेत शिकवते ती. निधनाच्या जाहिरातीही तीच वाचते.

का खोटं लिहिलंस? तुझ्या त्या एका पत्रावर मी माझी रजा दुसऱ्याला दिली. मी तिथे असतो तर तुला मिरजेला नेलं असतं, मुंबईला नेलं असतं. हे ऐकून दोन दिवस मी कासमशीही बोललो नाही, जसा काही दोष त्याचा आहे.

पण मी तुला कुठल्या तोंडाने विचारतोय? आपा, मीही खोटं लिहिलं होतं. आज सांगतो.

हुसैनमियाँनी तुकडा दिला आणि हाताला लागताक्षणीच मला कळलं. तरी कडेचा एक धागा ओढून काडी लावली. सुताची राख होते. हा धागा वितळून त्याचा कडक मणी झाला. पॉलिएस्टर. मी सत्त्याहत्तर साली तीच साडी घेतली होती कारण दुकानदार म्हणाला होता, ही आयुष्यभर टिकेल. ती झाडावर शंभर वर्षं तशीच फडकली असती आणि तुझं दुखणंही तसंच राहिलं असतं. मॉरीनबाई सकाळी निघणार. दुसरा तुकडा मागवायला वेळ नाही. तुझं सुती असं माझ्याजवळ काही नव्हतं.

म्हणून मी अंगातला गंजीफ्रॉक काढला आणि त्याची पट्टी फाडली. म्हटलं, एकाच आईची पोरं, आईनंतर तूच वाढवलेला, झाडाला काय कळणार? नाव तुझं सांगितलं आणि कापड माझं दिलं.

मॉरीनबाई या उन्हाळ्यात नोकरी सोडून कायमची घरी गेली. तिचं कार्ड कासम परतला त्याच आठवड्यात आलं. लिहिते की झाडापाशी जाऊन आले, तुझ्या बहिणीची चिंधी पार कुजली, नुसती गाठ उरली आहे. आनंदाने लिहिलंय बिचारीने.

माझे डोळे ठणठणीत आहेत. पाणी नाही, लाली नाही. दोरा मी स्वतः ओवतो, कासमचासुद्धा. मला रोज सुईत दोरा घालताना चोरी केल्यासारखं वाटतं. मी मॉरीनबाईला तरी सांगायला हवं होतं. फार थकलो आहे, आपा. हे मनात घेऊन मशीनवर बसवत नाही.

बदरू


राजिवडा
२१ नोव्हेंबर १९९७

बदरू,

अक्षर मुनिबाचं आहे, शब्द माझे. तिला मी ताकीद दिली आहे की वाक्य सुधारायचं नाही आणि रडायचं नाही. दुसरं तिला जमत नाहीये.

मी खोटं लिहिलं कारण तू त्या चिंधीपायी इतका खूश होतास. सबंध आयुष्यात तू मला पाठवलेल्या पत्रांत एवढा आनंद कधी नव्हता. मला तो मोडवेना. रजा सोडशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती माझी चूक, आणि तिची किंमत मी मोजते आहे, तेव्हा तू वेगळी शिक्षा करू नकोस. मिरजेला मी जाऊन आले, मुनिबाच्या नवऱ्याबरोबर. तिथेही तेच सांगितलं. थेंब चुकवले नाहीत, तरी रोग वेगाने गेला. तू असतास तरी वेगळं झालं नसतं. कासमशी बोल. पोरगा माझा हात धरून मला बाजारात घेऊन गेला होता.

आता चोरीचं. तू शिवणकामात हुशार आणि बाकी सगळ्यात मठ्ठ. ती पट्टी मी तुझ्यासाठीच पाठवली होती. पुढच्या ईदला तुला शर्ट शिवावा म्हणून मी त्याच रंगाचं कापड आणून ठेवलं होतं, त्यातली पट्टी कापली आणि कापताना तुझ्या डोळ्यांसाठी दुआ मागितली. तुला साडीची म्हणून लिहिलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू ती दिलीच नसतीस. बासष्टाव्या वर्षी मला डोळे घेऊन काय कशिदा काढायचाय? तेव्हा झाड चुकलं नाही, विहीर चुकली नाही. जे मागितलं ते मिळालं. दोरा ओवतोस ना? निमूट ओव.

आता कामाचं ऐक. कडेकडेने सगळं गेलंय. मधे थोडा उजेड उरला आहे. तुझ्या शर्टाच्या बटणाएवढा असेल. त्यातून मी एका वेळी एक गोष्ट बघते. सकाळी कपाचा कान, दुपारी मुनिबाचं नाक. मोठं घर, झाड, रस्ता त्यात बसत नाही. पण जवळून बघितलं तर माणसाचा चेहरा बसतो. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, हेही फार दिवस नाही.

खतिजाच्या वेळी तुला दोन दिवस उशीर झाला, त्यात तुझा दोष नव्हता. या वेळी तुला आधी कळवलं आहे.

आपा


मस्कत
३ जानेवारी १९९८

आपा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बरोबर घेऊन निघालोय. मीच वाचून दाखवीन.

रमझान नुकताच लागलाय. शिंप्याने रमझानमध्ये रजा मागायची म्हणजे काय ते तुला कळणार नाही. अर्बाब म्हणाला, “बदर, बाद ईद. बाद ईद, इन्शाल्ला.” एकवीस वर्षं मी हे ‘ईदनंतर’ ऐकून ‘जी’ म्हणत आलो. काल म्हटलं नाही. सरळ सांगितलं, महिनाभर रजा मागतोय, तुझ्याकडचा माझा पासपोर्ट दे, आता परत नाही आलो तरी चालेल. त्याने कपाट उघडलं आणि पासपोर्ट समोर ठेवला. चाळीस कपडे कापून टाकलेत, शिवायचे राहिलेत. कासम म्हणाला, “बदरभाय, सब मैं करता. यल्ला, तुम जाओ.” त्याच्यासाठी पन्नास सुयांत दोरे ओवून ठेवून आलोय.

शर्टाच्या कापडाचं म्हणशील तर, आपा, मी शिंपी आहे. तुझी पट्टी कात्रीच्या खणात ठेवली होती, तुझं पत्र वाचून पुन्हा काढून बघितली. पांढरी फुलं आहेत तिच्यावर. एका कडेला साडीची विणलेली किनार आहे, आणि दुसऱ्या कडेला, जिथे कापलंस तिथे, तुझे हात थरथरल्याच्या खुणा. असल्या कापडाचा शर्ट मला सुंता झाल्यापासून कोणी शिवलेला नाही. तू पुन्हा खोटं लिहिलंस.

पट्टी खिशात आहे. रंग अजून तसाच आहे. भांडण आल्यावर करू. आधी मी दारातून सरळ तुझ्यासमोर येऊन बसेन, अगदी जवळ, आणि तू म्हणेपर्यंत हलणार नाही.

बदरू